घरी दळलेला सर्व्हर

१९९० सालच्या अखेरीस सगळं वर्ल्ड वाइड वेब एका टेबलावर मावत होतं. जीनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज प्रोग्रामरकडे ‘नेक्स्ट’ कंपनीचा एक काळा डेस्कटॉप होता. त्यावर हातानं लिहिलेलं एक लेबल चिकटवलेलं होतं. हे यंत्र सर्व्हर आहे, कृपा करून बंद करू नका, अशा अर्थाचं. कुणी येऊन बटण दाबलं असतं, तर जगातली एकुलती एक वेबसाइट बंद पडली असती.

आज सर्व्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डेटा सेंटर येतं. थंडगार हॉल, कपाटांच्या रांगा, लुकलुकणारे दिवे. आपण फोनवर वाचतो ते सगळं अशाच कुठल्यातरी हॉलमधून येतं. पण वेबची सुरुवात तशी झाली नाही. पहिला वेब सर्व्हर टेबलावरचा होता, आणि त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं वेब सर्व्हर ही माणसं आपापल्या कंप्युटरवर, बरेचदा सोर्स कोडपासून कंपाइल करून, स्वतः बसवत असलेली गोष्ट होती. ते करणं किचकट होतं, वेळखाऊ होतं, आणि त्यात आपल्या घरात काय चाललंय ते माणसाला ठाऊक असायचं. पुढं ते सोपं होत गेलं, मग एका चौकोनातल्या टिकेइतकं सोपं झालं, आणि मग तो चौकोनच गायब झाला. त्या प्रवासाची ही गोष्ट.

दारावर बसलेला प्रोग्राम

वेब सर्व्हर हा मुळात एक साधा प्रोग्राम आहे. तो कंप्युटरच्या एका ठरलेल्या दारावर, म्हणजे पोर्टवर, कान लावून बसतो. वेबसाठी हे दार ८० नंबरचं. कुणी येऊन अमुक पान द्या म्हटलं, की तो फोल्डरमधून ती फाइल काढून देतो. बर्नर्स-लीच्या पहिल्या आवृत्तीत तर ही मागणी एकाच ओळीची होती. ‘गेट’ हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता. उत्तरात पान यायचं आणि संभाषण संपायचं.

त्या नेक्स्टवर सर्व्हर तर होताच, शिवाय वेबचा पहिला ब्राउझरही होता, आणि तो ब्राउझर नुसता वाचण्यासाठी नव्हता. त्यात पानं लिहिता आणि बदलता येत. म्हणजे वाचणारा, लिहिणारा आणि प्रसिद्ध करणारा एकाच यंत्रावर बसलेला. बर्नर्स-लीला वेब हवं होतं ते असं होतं. त्याच्या संस्थेतला प्रत्येक गट आपापल्या कंप्युटरवर आपापली माहिती ठेवील आणि दुवे जोडून ती सगळी एकत्र नांदेल, ही मूळ कल्पना.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचं म्हणून जाहीर केलं. कुणीही घ्या, वापरा, बदला. पैसे नाहीत, परवानगी नाही. १९९४ संपेपर्यंत जगात सुमारे १०,००० वेब सर्व्हर झाले होते. त्यांतले बरेचसे विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत, कुणाच्या तरी टेबलावर किंवा टेबलाखाली होते.

धान्य आणि पीठ

हे १०,००० सर्व्हर लोकांनी बसवले कसे? दुकानात जाऊन डबा आणला आणि चालू केला, असं झालं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांनी सोर्स कोड उतरवून घेतला आणि आपल्या यंत्रावर कंपाइल केला.

कंपाइल करणं म्हणजे काय, हे गिरणीवरून चटकन कळेल. प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड म्हणजे धान्य. माणसाला तो वाचता येतो, पण प्रोसेसरला तसाच पचत नाही. प्रोसेसरला पीठ लागतं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आकडेमोडीच्या भाषेतली फाइल. धान्याचं पीठ करणारी गिरणी म्हणजे कंपाइलर. आपण ॲप स्टोअरमधून घेतो ते सगळं पॅकबंद पीठ. आत काय काय मिसळलंय, कधी दळलंय, हे पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढंच कळतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पॅकबंद पीठ वाटणं अवघडच होतं. विद्यापीठांतल्या टेबलांवर सन, डिजिटल, सिलिकॉन ग्राफिक्स, एचपी, आयबीएम अशा कंपन्यांची यंत्रं होती. प्रत्येकीचा प्रोसेसर वेगळा आणि प्रत्येकीचं युनिक्सही वेगळं. एकीसाठी दळलेलं पीठ दुसरीला चालत नसे. त्यामुळे सरळ धान्यच वाटायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या गिरणीत दळून घ्यायचं, ही रीत पडली. गिरणीही फुकट मिळू लागली होती. रिचर्ड स्टॉलमननं ‘जीसीसी’ हा कंपाइलर १९८७ साली सर्वांसाठी खुला केला होता.

घरी दळण्याचा एक परिणाम असा, की धान्य हातातून जातं. निवडताना खडे दिसतात. एखाद्याला वाटलं, थोडी ज्वारी घालावी, तर घालता येते. वेब सर्व्हरच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि त्यातून जगातला सगळ्यात लोकप्रिय सर्व्हर जन्माला आला.

ठिगळांचा सर्व्हर

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘एनसीएसए’ नावाचं सुपरकंप्युटिंग केंद्र आहे. चित्रं दाखवणारा मोझेक हा ब्राउझर १९९३ साली इथूनच बाहेर पडला आणि वेब सामान्य माणसांपर्यंत पोचलं. याच केंद्रात रॉब मॅकूल या विद्यार्थ्यानं एक वेब सर्व्हर लिहिला. तो आटोपशीर होता, वेगवान होता, आणि लवकरच वेबवर सगळ्यात जास्त चालणारा सर्व्हर झाला. १९९४ च्या मध्यावर मॅकूलनं एनसीएसए सोडलं, आणि त्या सर्व्हरचं काम थंडावलं.

इतरांचं काम मात्र थांबलं नव्हतं. ज्यांच्या टेबलावर हा सर्व्हर चालत होता त्यांना रोज नवी अडचण येत होती. गर्दी वाढली की तो अडखळायचा, कुठे सुरक्षेचं भोक सापडायचं, कुणाला नवी सोय हवी असायची. सोर्स कोड हातात होता, म्हणून प्रत्येकानं आपापली दुरुस्ती केली. अशा दुरुस्तीला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. ही ठिगळं जगभर विखुरलेली होती, आणि एकानं सोडवलेली अडचण दुसरा पुन्हा सोडवत बसला होता.

फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ जणांनी ठरवलं की सगळी ठिगळं एकत्र करून एकच सर्व्हर बनवायचा. कॅलिफोर्नियातला ब्रायन बेहलेनडॉर्फ त्यांच्यातला एक. दुसरा रॉय फील्डिंग, जो पुढे एचटीटीपीच्या नियमावलीचा एक मुख्य लेखक झाला. तिसरा वेल्समधल्या कार्डिफचा रॉब हार्टिल. आज तुम्ही सिनेमाचं रेटिंग बघायला जी आयएमडीबी उघडता, तिची सुरुवातीची वेब आवृत्ती त्यानं कार्डिफमधून चालवली होती. ही माणसं एका कंपनीत नव्हती, एका देशातही नव्हती. ई-मेलवरून ठिगळं एकमेकांना पाठवायची, तपासायची, मत द्यायचं, आणि जोडायची. कॅलिफोर्नियातलं एक सामाईक यंत्र आणि देणगी म्हणून मिळालेली बँडविड्थ, एवढंच भांडवल.

एप्रिल १९९५ मध्ये ‘अपाचे’ या नावानं पहिली आवृत्ती बाहेर आली. ‘अ पॅची सर्व्हर’, म्हणजे ठिगळांचा सर्व्हर, ही कोटी या नावात आहेच. पण अमेरिकेतल्या अपाची लोकांबद्दलच्या आदरानं नाव ठेवलं, असं बेहलेनडॉर्फचं म्हणणं. ज्यांचं नाव घेतलं त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. २०२३ साली ‘नेटिव्हज इन टेक’ या मूलनिवासी तंत्रज्ञांच्या संस्थेनं हे नाव बदलावं अशी जाहीर मागणी केली.

ठिगळं फार झाली की कापड टिकत नाही. त्याच उन्हाळ्यात रॉबर्ट थाऊ यानं सर्व्हरची आतली रचना नव्यानं बांधली. मुख्य सर्व्हर छोटा, आणि बाकीची प्रत्येक सोय वेगळं मॉड्यूल. या नव्या रचनेचं सांकेतिक नाव होतं ‘शंभाला’, आपल्या संस्कृतातून तिबेटमार्गे पश्चिमेला पोचलेला शब्द. १ डिसेंबर १९९५ ला अपाचे १.० आला. एप्रिल १९९६ मध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर एका वर्षात, नेटक्राफ्टच्या पाहणीत तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. पुढची वीसेक वर्षं ती जागा त्यानं सहसा सोडली नाही. जून १९९८ मध्ये आयबीएमनं आपल्या वेबस्फिअर या उत्पादनासोबत अपाचे द्यायचं जाहीर केलं. ज्या आठ जणांकडे ऑफिससुद्धा नव्हतं, त्यांच्या कामाच्या भरवशावर जगातल्या सगळ्यात मोठ्या संगणक कंपन्यांपैकी एकीनं आपला माल उभा केला.

तीन आज्ञा

१९९८ साली आलेल्या अपाचे १.३ पासून कंपाइल करण्याची रीत तीन आज्ञांची झाली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. ज्यांनी हे केलंय त्यांना हे तीन शब्द पाढ्यासारखे पाठ असतात.

आधी सोर्सचं गाठोडं उतरवायचं आणि सोडायचं. मग त्या फोल्डरमध्ये जाऊन पहिली आज्ञा द्यायची. ‘कॉन्फिगर’ ही गिरणी सुरू करण्याआधीची पाहणी. कंपाइलर आहे का, कोणता आहे, प्रोसेसर कुठला, अमुक लायब्ररी सापडते का, असे प्रश्न ती यंत्राला विचारत जाते आणि पडद्यावर ओळींमागून ओळी सरकतात. इथंच तुम्हाला काय हवं ते सांगायचं असतं. पीएचपी चालवायचंय का? पत्ते बदलून देणारं मॉड्यूल हवं? सर्व्हर कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचा? नको असलेलं वगळलं तर ते पिठात जातच नाही. त्यात एखादं भोक पुढं सापडलं, तरी ते तुमच्या घरात नसतं.

दुसरी आज्ञा ‘मेक’, म्हणजे प्रत्यक्ष दळण. नव्वदच्या दशकातल्या पेंटियमवर हे होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. मध्येच एखादी लायब्ररी नाही म्हणून काम थांबायचं. मग ती शोधा, तिचं सोर्स उतरवा, ती आधी कंपाइल करा, मग पुन्हा इथं या. आजही अपाचे २.४ सोर्सवरून बांधायला घेतला आणि ‘एपीआर’ किंवा ‘पीसीआरई’ या लायब्रऱ्या यंत्रावर नसल्या, तर पहिली आज्ञाच अडून बसते.

तिसरी ‘मेक इन्स्टॉल’ सगळं जागच्या जागी ठेवते. मग सर्व्हर सुरू करायचा. इथं युनिक्सचा एक जुना नियम आडवा येतो. १०२४ च्या खालच्या नंबरची दारं फक्त यंत्राच्या मुख्य मालकाला, म्हणजे रूटला, उघडता येतात. म्हणून ८० नंबरच्या दारासाठी रूटचा पासवर्ड लागतो. तो दिला की ब्राउझर उघडून ‘लोकलहोस्ट’ टाइप करायचं. सगळं नीट झालं असेल, तर एक पांढरं पान येतं आणि त्यावर दोनच शब्द असतात, ‘इट वर्क्स!’ अपाचेच्या दोन नंबरच्या मालिकेत हे पान कित्येकांनी पाहिलं असेल. पान दिसायला काहीच नाही, पण ते दुसऱ्या कुणाकडून आलेलं नसतं.

सोर्सवरून कंपाइल करण्यामागं एक राजकीय कारणही होतं. अमेरिकेत त्या काळी मजबूत गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध होते. बँकेचा पासवर्ड सुरक्षित नेणारं, पत्त्यापुढं कुलूप दाखवणारं जे तंत्र आहे, ते अपाचेच्या मूळ गाठोड्यात त्यामुळे घालता येईना. इंग्लंडमध्ये बेन लॉरीनं ‘अपाचे-एसएसएल’ केलं, आणि १९९८ साली राल्फ एंगेलशालनं युरोपातूनच ‘मॉड-एसएसएल’ आणलं. सर्व्हर अमेरिकेतून घ्यायचा, कुलूप युरोपातून घ्यायचं, आणि दोन्ही आपल्या टेबलावर एकत्र दळायचं. जे सरकारनं वेगळं ठेवलं ते घरच्या गिरणीत एक होत होतं. २००० साली हे निर्बंध बरेच सैल झाले, आणि पुढं अपाचे २.० मध्ये कुलूप पेटीतच आलं.

आपल्याकडे

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला ‘विदेश संचार निगम’नं सुरू केलं. मुंबई त्या पहिल्या शहरांत होती. बऱ्याच जणांना परवडायचं ते ‘शेल अकाउंट’. त्यात तुमचा कंप्युटर इंटरनेटवर असतच नसे. तो निगमच्या कंप्युटरचा लांबून चालवलेला पडदा असायचा, आणि वेब दिसायचं ते नुसत्या अक्षरांत. पुढं डायलअप आलं तरी प्रत्येक वेळी नवा पत्ता मिळायचा आणि फोनचं बिल पळत राहायचं. घरच्या कंप्युटरवर सर्व्हर ठेवून जगाला पानं दाखवणं आपल्याकडे जवळपास अशक्य होतं.

तरीही लोकांनी सर्व्हर बसवले. कंप्युटरच्या मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या होत्या. त्यात सर्व्हरही असायचा, सोर्सही असायचं, गिरणीही असायची. नेट नसलं तरी लोकलहोस्ट होता. जगाला न दिसणारी वेबसाइट आपल्याच यंत्रावर चालवायची आणि शिकायचं. पुढं महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे किती प्रोजेक्ट फक्त लोकलहोस्टवर जन्मले, परीक्षकांना दाखवून झाले आणि तिथंच विसावले, याची मोजदाद कुणी केली नसेल. पण त्यांतून शिकलेली पोरं पुण्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत दुसऱ्यांचे सर्व्हर चालवत होती.

मराठीत लिहिणाऱ्यांना या यंत्रानं एक वेगळाच धडा दिला. अपाचे २.० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांबरोबर जी सेटिंगची फाइल यायची, तिच्यात एक ओळ असे. दुसरं काही सांगितलं नसेल तर प्रत्येक पान पश्चिम युरोपी लिपीतलं आहे असं ब्राउझरला कळवा, अशी ती सूचना. तुम्ही युनिकोडमध्ये शुद्ध देवनागरी पान लिहिलं, पानातच ‘हे यूटीएफ-८ आहे’ असं नमूदही केलं, तरी ब्राउझर पानाआधी सर्व्हरचं ऐकतो. मग ‘नमस्कार’च्या जागी चित्रविचित्र अक्षरांची रांग उमटायची. ज्याच्या हातात सेटिंगची फाइल होती तो ती एक ओळ बदलून मोकळा व्हायचा. ज्याचा सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात होता त्याला विनंतीची ई-मेल लिहावी लागायची.

माहीत नसलेले सर्व्हर

किचकट गोष्ट सोपी करणं हे चांगलंच. पण सोपं करताना ती दिसेनाशी झाली, की काय होतं ते १९ जुलै २००१ ला दिसलं. मायक्रोसॉफ्टचा ‘आयआयएस’ हा वेब सर्व्हर विंडोज २००० सर्व्हर बसवताना आपोआप बसत असे. आपल्या यंत्राच्या ८० नंबरच्या दारावर कुणीतरी बसलंय, हे अनेकांना माहीतच नव्हतं. त्यात एक भोक निघालं. मायक्रोसॉफ्टनं ठिगळही दिलं, पण आपल्याकडे सर्व्हर आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो ठिगळ कशाला लावेल? ‘कोड रेड’ नावाचा वर्म त्या भोकातून शिरला आणि १४ तासांच्या आत ३,५९,००० हून जास्त यंत्रांत पोचला. अपाचे चालवणाऱ्यांना त्याचा त्रास झाला नाही, पण आवाज ऐकू आला. कोण आलं, काय मागितलं, याची नोंद सर्व्हर ‘ॲक्सेस लॉग’ नावाच्या फाइलीत करतो. ती वही त्या दिवसांत कोड रेडच्या निरर्थक मागण्यांनी भरून गेली. दार ठोठावणारं प्रत्येक यंत्र कुठल्यातरी बेखबर माणसाचं होतं.

म्हणून घरी दळणारे सुरक्षित होते असं समजू नका. सप्टेंबर २००२ मध्ये ‘स्लॅपर’ आला, तो लिनक्सवरच्या अपाचेसाठीच. कुलूप लावणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतल्या भोकातून तो शिरायचा. आत आला की स्वतःचं सोर्स घेऊन यायचा आणि तुमच्याच यंत्रावरच्या जीसीसीनं स्वतःला कंपाइल करून घ्यायचा. घरातलीच गिरणी चोरानं वापरली. मात्र त्याच्याकडे रेड हॅट, सुसे, डेबियन अशा ठराविक वितरणांबरोबर येणाऱ्या तयार अपाचेंची यादी होती, आणि हल्ला त्या त्या पिठाच्या घडणीला धरून बेतलेला होता. दुसऱ्या बाजूनं, तयार पॅकेज वापरणाऱ्याला एका आज्ञेत दुरुस्ती मिळत होती, तर स्वतः कंपाइल करणाऱ्याला बातमी कळल्यावर सगळं पुन्हा दळत बसावं लागत होतं. घरचं दळण म्हणजे घरची जबाबदारीही. सगळ्यांना ती झेपणार नव्हती आणि त्यात गैर काही नाही.

टिक, आणि टिक गायब

२००२ मध्ये जर्मनीतल्या ‘अपाचे फ्रेंड्स’नं ‘झॅम्प’ आणलं. अपाचे, डेटाबेस, पीएचपी, पर्ल, सगळं एका इन्स्टॉलरमध्ये. विंडोजवर दोन-चार वेळा ‘नेक्स्ट’ दाबलं की सर्व्हर तयार. ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये फाइल टाकायची आणि लोकलहोस्ट उघडायचा. कंपाइलरचं नावही ऐकलेलं नसलेली एक पिढी यावर शिकली. अडचण आली तर ती गमतीची असायची. अपाचे सुरूच होत नाही, कारण ८० नंबरचं दार स्काइपनं आधीच धरून ठेवलंय! पण ही अडचण सोडवताना दार म्हणजे काय, हे कळायचं.

ॲपलची गोष्ट आणखी वेगळी. १९९६ च्या अखेरीस ॲपलनं नेक्स्ट ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर २००१ मध्ये मॅक ओएस टेन उभारली. वेब ज्या सिस्टीमवर जन्मलं तिचीच ही लेक. तिच्यात अपाचे आधीपासून असायचा. सेटिंगमध्ये ‘वेब शेअरिंग’ असा एक चौकोन होता, त्यावर टिक केली की तुमच्या ‘साइट्स’ फोल्डरमधली पानं सर्व्हर दाखवू लागायचा. ॲपल बरीच वर्षं अपाचे १.३ च देत राहिलं, २००७ च्या लेपर्डपर्यंत. ज्यांना अपाचे २ हवा होता ते ॲपलच्याच सीडीवरून कंपाइलर बसवायचे आणि आपला अपाचे वेगळ्या फोल्डरमध्ये दळून घ्यायचे. एका मॅकवर दोन अपाचे, एकाच दारासाठी भांडणारे. आधी वेब शेअरिंगची टिक काढायची, मग आपला सुरू करायचा.

२०१२ मध्ये माउंटन लायन आलं आणि तो चौकोन सेटिंगमधून गेला. अपाचे आत राहिला, पण तो आहे हे टर्मिनल उघडणाऱ्यालाच कळणार. टिक काढणं तुमच्या हातात होतं. चौकोन काढणं कंपनीच्या हातात होतं.

फोनचं दार

तुमच्या हातात आयफोन असेल तर तोही नेक्स्टचाच वंशज आहे. अँड्रॉइड असेल तर त्याच्या मुळाशी लिनक्स आहे. पहिला वेब सर्व्हर ज्या यंत्रावर चालला, त्याहून तुमचा फोन कितीतरी पटींनी ताकदवान. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ हे ॲप घेतलं तर अपाचे बसवताही येतो आणि जीसीसीचा भाऊबंद असलेल्या ‘क्लँग’नं सोर्स कंपाइलही करता येतं. रूट नसल्यामुळे ८० नंबरचं दार मिळत नाही, म्हणून ८०८० वापरायचं. एकाच वायफायवरचा दुसरा फोन तुमचं पान उघडू शकतो.

बाहेरचा मात्र सहसा येऊ शकत नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच होते आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना थोड्याशा सामाईक पत्त्यांमागे ठेवतात. मोठ्या चाळीला फाटकावर एकच पत्रपेटी असावी तसं. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर तुम्हाला मिळतं, पण आपणहून आलेलं पत्र कुठल्या खोलीत द्यायचं ते पोस्टमनला ठाऊक नसतं. नव्या पद्धतीच्या पत्त्यांनी प्रत्येक खोलीला स्वतःचा नंबर देणं शक्य झालंय, पण नंबर मिळाला तरी बाहेरून येणाऱ्याला आत सोडायचं की नाही हे बरेचदा कंपनीच ठरवते. वाचायचं दार सताड उघडं, सांगायचं दार बंद.

म्हणून आपण लिहितो ते दुसऱ्याच्या घरात. कविता, फोटो, दुकानाचा पत्ता, गावच्या जत्रेची माहिती, सगळं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर. ते स्वस्त आहे, सोयीचं आहे, वीज गेली तरी चालू राहतं. पण ते काय दाखवतील, किती दिवस ठेवतील, कुणाला आधी दाखवतील, हे आपण ठरवत नाही. तिथली सेटिंगची फाइल आपल्याला कधी दिसत नाही.

सगळ्यांनी उद्या उठून घरी सर्व्हर चालवावा, असं काही म्हणायचं नाही. पण घरात जुना लॅपटॉप असेल, तर एक रविवार यात घालवून बघा. लिनक्स टाका, अपाचेचं सोर्स उतरवा, तीन आज्ञा द्या. दोनदा तरी अडेल. मग ते पांढरं पान येईल. त्याच वायफायवरून आईला तिच्या फोनवर तुमचं पान उघडायला सांगा आणि तुम्ही ॲक्सेस लॉग उघडून बसा. एक ओळ उमटेल. कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, कुठलं पान मागितलं, आणि २०० हा आकडा, म्हणजे दिलं. रोज तुम्ही उघडता त्या प्रत्येक पानामागं अशी एक ओळ कुठंतरी लिहिली जात असते. ही एक तुमच्या डिस्कवर असेल, आणि ती ठेवायची की पुसायची हे तुम्ही ठरवाल.